शेवटच्या गाडीमागचा नायक

फार पूर्वी गोदेकाठच्या एका नगरात धृतवर्मा नावाचा राजा सुखाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका गुराख्याच्या घरी जन्म घेतला आणि मोठेपणी तो बैल शिकवण्याचे काम करू लागला. त्याचे नाव सोमिल. राजवाडे सोडून गोठ्यात कशाला जन्म घेतला, असे कोणी विचारील. तर बाबांनो, ज्याला माणसे ओळखायची त्याने आधी बैल ओळखावेत, एवढेच माझ्यापाशी उत्तर आहे.

त्या नगरातून दरवर्षी साठ गाड्यांचा तांडा समुद्राकडे निघे. जाताना धान्य आणि कापड जाई, येताना मीठ येई. तांड्याच्या पुढाऱ्याला नायक म्हणत, आणि नायक होण्याची एक जुनी चाल होती. ज्याला नायक व्हायचे त्याने आधी वर्षभर शेवटच्या गाडीमागून पायी चालायचे. पुढच्या साठही गाड्यांची धूळ नाकातोंडात घ्यायची, पडलेले उचलायचे, मोडलेले सांधायचे, मागे राहिलेल्याला पुढे आणायचे. याला धुळीचे वर्ष म्हणत. धुळीचे वर्ष न काढता कोणी नायक झाल्याचे आजोबा-पणजोबांच्याही आठवणीत नव्हते.

मग चक्रसेन जन्मला आणि चाल मोडली.

चक्रसेन हा त्या वेळच्या नायकाचा एकुलता एक मुलगा. तो जन्मला तेव्हा बाप तांड्याबरोबर दूर होता आणि घरात आई भद्रा एकटी होती. वर्षाने मुलाचे जावळ काढायचे ठरले, तेव्हा घरी ज्योतिषी आला. त्याने मुलाला उचलून उलटसुलट न्याहाळले आणि एकदम ओरडला, "अहो, हे काय!" मुलाच्या पाठीवर, कमरेच्या वर डाव्या अंगाला, सुपारीएवढे गोल चक्र होते, आत आऱ्यांसकट. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, इथे तर अख्खा नायक दिसतोय," ज्योतिषी म्हणाला. "हा पुढारी म्हणूनच जन्माला आलाय!" भद्रेने पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. बायका म्हणाल्या, आनंदाने रडतेय बिचारी. सोमिल दारात उभा होता. त्याने ते चक्र पाहिले, भद्रेकडे पाहिले, आणि गोठ्याकडे निघून गेला.

त्या दिवसापासून चक्रसेनाला सगळ्यांनी तळहाताच्या फोडासारखे जपले. खेळात पोरे त्याच्याशी मुद्दाम हरत. चार माणसे बसली की त्याला मधे बसवत आणि "काय नायक, काय म्हणता?" असे विचारून त्याच्या बोबड्या उत्तरावर माना डोलवत. माणसाला वीस वर्षे हेच ऐकवले तर तो दुसरे काय मानणार? चक्रसेन मनाने वाईट नव्हता. पण भीती वाटली, शंका आली, की त्याचा डावा हात आपोआप कमरेमागे जाई आणि बोट त्या चक्रावरून फिरू लागे. त्या वर्तुळात एका जागी थोडी फट होती. बोट तिथे आले की थांबे, आणि त्याला धीर येई. ते चक्र त्याने स्वतः कधी पाहिले नव्हते. पाठीमागचे कोण बघतो? त्याने ते फक्त बोटाने ओळखले होते.

बाप वारल्यावर काही वर्षे पूर्णक नावाच्या वडीलधाऱ्या गाडीवानाने तांडा नेला. चक्रसेन वीस वर्षांचा झाला तेव्हा सगळे म्हणाले, आता याला नायक करू. "आणि धुळीचं वर्ष?" सोमिलाने विचारले.

"चक्र घेऊन आलेल्या माणसाला धूळ कशाला खायला लावता?" लोक हसून म्हणाले. चक्रसेनही हसला. एकटा सोमिल हसला नाही.

समुद्राच्या वाटेवर तीन दिवसांचा निर्जळ माळ लागे. त्या माळाच्या मध्यावर एकच विहीर होती. चक्रसेन पहिल्या गाडीत बसला होता. गाडीला सारंग नावाचा नामी बैल, समोर मोकळा वारा, डोळ्यांत धुळीचा कण नाही. त्याला वाटले, काय सोपे काम आहे हे! दुपारी विहीर आली. रीतीप्रमाणे पुढच्या गाड्यांनी आधी पाणी घेतले, बैलांना पोटभर पाजले, आणि नायकाने तर चांगल्या चार घागरी घेऊन आंघोळ केली. मग पहिल्या गाड्या पुढच्या मुक्कामाला निघाल्याही. शेवटच्या गाड्या पोहोचल्या तेव्हा दिवस मावळतीला आला होता आणि विहिरीत चिखल उरला होता.

सहा बैल त्या माळावर मेले. शेवटच्या गाडीचा म्हातारा गाडीवान मल्लक तापाने फणफणला, त्याला मिठाच्या गावापर्यंत गाडीत आडवे टाकून न्यावे लागले. चक्रसेनाला हे सगळे तिथे पोहोचल्यावर कळले. तो दचकला, पण त्याच्या तोंडून शब्द निघाले ते असे: "मग लवकर यायचं होतं ना!"

झाले. हे एक वाक्य साठ गाड्यांमधून पेटत्या गवतासारखे फिरले. सहा बैलांचे दुःख माणसे गिळू शकली असती, हे वाक्य काही गिळवेना. दुसऱ्याच दिवशी समुद्रकाठच्या वडाखाली सगळे जमले. अर्धे म्हणू लागले, आम्ही वेगळा तांडा करतो. दोन तांडे झाले तर माळावरच्या चोरांचे फावणार, हे सगळ्यांना माहीत होते, तरी कोणी ऐकेना. शेवटी पूर्णक उठून म्हणाला, "सोमिला, तूच नायक हो. तुझा शब्द बैलसुद्धा मोडत नाहीत. तांडा टिकेल तर तुझ्यानेच टिकेल." सगळ्यांनी माना हलवल्या. नायकाचा तांबडा फेटा कोणीतरी सोमिलापुढे आणून ठेवला.

चक्रसेन एका बाजूला उभा होता. त्याचे कान लाल झाले होते आणि हात कमरेमागे होता.

सोमिलाने फेट्याला हात लावला नाही. तो म्हणाला, "नायक बिघडलाय असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, तो अजून घडलाच नाही. कच्च्या मडक्यात पाणी भरलं आपण, आणि आता मडक्यावर रागावतो. त्याचं धुळीचं वर्ष राहिलंय, ते त्याला काढू द्या. तोवर पूर्णकाने पुढे बसावं. वर्षाने तो नकोसा वाटला तर त्याला काढा, आणि माझ्या हातातली ही काठीही काढून घ्या. मग मी बैल शिकवणार नाही."

सोमिलाच्या काठीवाचून तांडा कसा असतो हे कोणाला माहीत नव्हते. त्यामुळे तसेच ठरले.

परतीच्या वाटेवर चक्रसेन शेवटच्या गाडीमागे चालू लागला. पहिल्या दिवशी त्याच्या टाचा सोलल्या. दुसऱ्या दिवशी खोकून खोकून छाती दुखली. मल्लक आता बरा होऊन गाडी हाकत होता आणि त्याची जीभ तर त्याच्याही आधी बरी झाली होती. रोज सकाळी तो मागे वळून विचारी, "काय नायक, आज आंघोळ झाली का?" चक्रसेनाला वाटे, याला उचलून मिठाच्या पोत्यात घालावे. सोमिलाचा तर त्याला इतका राग आला होता की तो त्याच्याकडे पाहतसुद्धा नसे.

पण राग किती दिवस चालायचा? पायांना वाट असते, ती राग खाते. हळूहळू त्याला मागचे दिसू लागले. पुढच्या गाडीत बसलेल्याला फक्त वाट दिसते, मागून चालणाऱ्याला तांडा दिसतो. कुठल्या गाडीचे चाक डुगडुगते, कुठला बैल उजवा पाय उचलून टाकतो, कुठल्या दोन भावांनी बोलणे टाकले आहे आणि कोणाची पाण्याची घागर गळते, हे त्याला खुरांच्या खुणांवरून आणि वाटेवरच्या ओल्या ठिपक्यांवरून कळू लागले. पाऊसकाळ घरी काढून तांडा पुन्हा समुद्राकडे निघाला, तेव्हा चक्रसेन न सांगता मागे जाऊन उभा राहिला. मल्लकाने मान वळवली, पण आंघोळीचे काही विचारले नाही. आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी तेवढी मोडून त्याच्या हातावर ठेवली.

त्याच प्रवासात ती गोष्ट घडली. दुपारचा विसावा होता. मल्लकाच्या गाडीला भुऱ्या नावाचा म्हातारा बैल होता. चक्रसेन गवताची मूठ घेऊन त्याचे अंग चोळत होता. चोळता चोळता भुऱ्याच्या मांडीवरच्या जुन्या डागावर त्याचे बोट गेले. बोट गोल फिरले, आऱ्यांवरून गेले, आणि एका जागी फट लागली तिथे थांबले.

चक्रसेनाच्या हातातले गवत गळून पडले. त्याने दुसरा हात स्वतःच्या कमरेमागे नेला. एक बोट बैलावर, एक बोट स्वतःवर. तेच वर्तुळ, त्याच आऱ्या, तीच फट.

"मल्लककाका," त्याने कसेबसे विचारले, "हा डाग कसला?"

"तांड्याचा. वासरू तांड्यात आलं की लोखंड तापवून डागतात, हरवलं तर ओळखायला," मल्लक म्हणाला. "हा जुन्या लोखंडाचा. त्याची कड तुटली होती, म्हणून पुढे नवं केलं. जुन्या डागाचा हा एवढा भुऱ्याच उरलाय आता."

चक्रसेन तडक सोमिलाकडे गेला. सोमिल एका पाड्याला जू अंगवळणी पाडत होता. चक्रसेनाने विचारले, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

सोमिलाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि सगळे ओळखले. "होतं," तो म्हणाला. "ते लोखंड माझ्याच गोठ्यातलं होतं. तू पाच दिवसांचा होतास. पोट ढोलासारखं फुगलेलं, दूध घेत नव्हतास. डाग दिला की पोर वाचतं, असं कोणीतरी तुझ्या आईला सांगितलं. घरात दुसरं माणूस नाही. ती बिचारी माझ्या गोठ्यातून लोखंड घेऊन गेली. मी गावात नव्हतो, असतो तर देऊ दिला नसता. पुढे मी डाग ओळखला, तेव्हा तिनेच मला हे सारं सांगितलं. तू वाचलास तो तुझ्या नशिबाने, डागाने नव्हे. पण आईचं काळीज ते. नवऱ्यामागे पोराला बैलाच्या लोखंडाने भाजलं, हे ती चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगणार?"

"आणि तुम्ही?"

"तिची फजिती करून मला काय मिळणार होतं? मला वाटलं, धुळीचं वर्ष तुला घडवील, चक्र असो की नसो. लोक ते वर्षच माफ करतील, हे मला वाटलं नव्हतं. चुकलंच माझं. तेव्हा मी मोठ्याने बोलायला हवं होतं."

चक्रसेन मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "म्हणजे मी कोणीच नाही," तो म्हणाला. "मी नायक म्हणून जन्मलोच नव्हतो. मी बैल आहे, बैल!"

"बैल म्हणजे कमी समजतोस का?" सोमिल त्याच्याजवळ बसला. "तो पुढचा सारंग बघ. एका लंगड्या गाईचं वासरू ते, अंगावर एक शुभ भोवरा नाही. त्याच्या पाठचा भाऊही मीच शिकवला, तेवढ्याच मायेने. तो काही शिकला नाही, आता मळणीला फिरतो. तेव्हा जन्माचं काहीच नसतं, असं खोटं मी तुला सांगणार नाही. बी बघावंच लागतं. पण पिशवीतलं बी कितीही चांगलं असो, त्याची भाकरी होत नाही. ते मातीत जावं लागतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसत असतील रे, पण चालायचं असतं वाटेवर. तू सहा महिने चाललायस. आता सांग, पूर्णकाच्या गाडीचा डावा बैल कसा आहे?"

चक्रसेनाने डोळे पुसले. "खुराला भेग आहे," तो म्हणाला. "परवापासून लंगडतोय. पूर्णककाकांना अजून कळलं नाही."

"बघ," सोमिल म्हणाला, आणि पुन्हा पाड्याकडे वळला.

मीठ भरून तांडा परत निघाला तेव्हा ऊन पेटले होते. माळाच्या मध्यावरची विहीर आली. पूर्णकाने वाकून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. तळाशी वीतभर पाणी होते आणि कडेने एक बारीक झरा झिरपत होता. पुढच्या गाडीवानांनी घागरी काढल्या, बैल पाण्याच्या वासाने ओढ घेऊ लागले. मागून ओरडा झाला, "पुन्हा आम्हाला चिखल पाजणार का?" दोन माणसांनी काठ्या उगारल्या. पूर्णक भला माणूस, पण त्याला काही सुचेना. तो म्हणाला, "सोमिला, काहीतरी कर रे!"

"मला मागचं काय माहीत? मागे चालतो त्याला विचारा," सोमिल म्हणाला.

चक्रसेन धुळीने पांढरा होऊन पुढे आला. "पाणी मागून पुढे द्यायचं," तो म्हणाला. "आधी शेवटची गाडी, सगळ्यांत शेवटी पहिली. एका वेळी दोन घागरी काढायच्या, मग झरा भरेपर्यंत थांबायचं. घाई केली तर गाळ होईल आणि कोणालाच मिळणार नाही."

"आमच्या आजोबांपासून पुढचा आधी पितो!" पहिल्या गाडीमागचा एक जण गुरगुरला.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "ऐका रे त्याचं! त्याच्या अंगावर चक्र आहे!"

सगळे त्याच्याकडे वळले. चक्रसेनाने मान हलवली असती तर काम झाले असते. त्याचा हात कमरेमागे गेला. मग त्याने तो हात पुढे आणला.

"चक्र नाही ते," तो म्हणाला. "डाग आहे. भुऱ्याच्या मांडीवर आहे तोच, त्याच लोखंडाचा. लहानपणी आजारी होतो, तेव्हा दिलेला. मी नायक म्हणून जन्मलेलो नाही. तेव्हा त्या डागापायी माझं ऐकू नका."

मग मल्लक खो खो हसला. "म्हणजे आपल्याच गोठ्यातला निघाला की!" आणि साठ गाड्यांची माणसे, घसे कोरडे असताना, पोट धरून हसली. उगारलेल्या काठ्या खाली आल्या.

हसू ओसरल्यावर चक्रसेन म्हणाला, "ऐकायचंच तर हे ऐका. मल्लककाकांचा भुऱ्या संध्याकाळ काढणार नाही. एकोणचाळिसाव्या गाडीचा तांबडा सकाळपासून जीभ बाहेर टाकतोय. बाविसावीत तापकरी माणूस आहे. सारंग आणि त्याच्या मागचे दहा बैल अजून दोन प्रहर सहज चालतील, त्यांच्या अंगावर सुरकुतीसुद्धा नाही. यात काही चुकत असेल तर सांगा."

गुरगुरणाऱ्या माणसाने आपल्या बैलाच्या अंगावरून हात फिरवून पाहिला आणि स्वतःच घागर खाली ठेवली.

दोन दोन घागरी करीत दुपार गेली. म्हातारा भुऱ्या पहिले पाणी प्यायला. सारंगाने मान खाली घालून वाट पाहिली, त्याला सोमिलाने शिकवलेच होते तसे. सगळ्यांत शेवटी, उन्हे उतरताना, चक्रसेन ओंजळभर पाणी प्यायला. पाणी स्वच्छ होते. त्या माळावर एकही बैल मेला नाही.

नगराच्या वेशीवर पूर्णकाने तांबडा फेटा चक्रसेनापुढे धरला. चक्रसेन म्हणाला, "धुळीचं वर्ष अजून संपलं नाही, दोन महिने आहेत." ते त्याने गावातल्या मालाच्या गाड्यांमागे चालून पुरे केले आणि मग फेटा बांधला. पण पहिल्या गाडीत तो पुन्हा कधी बसला नाही. सारंग वाट ओळखत होता, पुढे तोच पुरे.

घरी गेल्यावर त्याने आईला सांगितले, "आई, मला कळलंय." वीस वर्षांचे ओझे तिच्या डोळ्यांतून वाहू लागले. "मी भाजलं रे तुला, माझ्या हातांनी," ती म्हणाली. "आणि वर खोटं वाढू दिलं."

चक्रसेनाने तिचे हात धरले. "तू एकटी होतीस, घाबरली होतीस. लोखंड आणायला जीव एकवटून गेलीस ना? तेवढं मला पुरे," तो म्हणाला. "आता वाढ काहीतरी. भूक लागलीय." भद्रा रडतारडता हसली आणि चुलीकडे वळली. त्या दिवशी ती वीस वर्षांत पहिल्यांदा निवांत जेवली.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली, कारण तिथे दोन तरुण भिक्षू भांडत होते. एक म्हणत होता, संघाचा पुढारी जन्मावाच लागतो. दुसरा म्हणत होता, कोणालाही घडवता येतो. कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "त्या जन्मी भद्रा होती ती आज भिक्षुणी सोमप्रभा आहे. मल्लक होता तो आज दारापाशी हसत बसलेला हा थोर भिक्षू उदायन. चक्रसेन होता तो स्थविर पुण्यक, जो आजही भिक्षेला निघाल्यावर सगळ्यांच्या मागून चालतो. आणि बैल शिकवणारा सोमिल मीच होतो. त्या जन्मी मला फेटा मिळत होता, पण दुसरा पिकेपर्यंत थांबणे मी पत्करले. याला क्षांती म्हणतात, भिक्षूंनो."

ते ऐकून दोघे भांडणारे भिक्षू उठले. सकाळच्या भिक्षेला जायची वेळ झाली होती. रांग लागली, तेव्हा शेवटच्या जागेसाठी त्या दोघांची पुन्हा थोडी ओढाताण झाली.